परिसेविकेची सही

दिल्लीतील मराठी माणसाला पहाडगंज ही वस्ती परकी नाही. नूतन मराठी विद्यालय येथे आहे, बृहन्महाराष्ट्र भवन येथे आहे, आणि नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेकडील दरवाज्यातून बाहेर पडले की हिची बाजारपेठ सुरू होते. त्यामुळे काही कामाने राजधानीत येणारा, आणि सरकारी निवासात खोली मिळण्याइतकी ओळखपाळख नसलेला मनुष्य बहुधा येथेच उतरतो. या उतरणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक पुष्कळ असतात. पंचकुइयाँ मार्गावरून लेडी हार्डिंग रुग्णालय चालत गाठता येते. बसंत लेनमध्ये उत्तर रेल्वेचे केंद्रीय रुग्णालय आहे. आणि स्थानकापलीकडे अजमेरी दरवाज्यावरून, रामलीला मैदानाच्या कडेने पुढे गेले की लोकनायक, म्हणजे पूर्वीचे आयर्विन, आणि त्याच्या शेजारी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय लागते. या शेवटच्या रुग्णालयातून निघालेल्या एका परिपत्रकाविषयी मला येथे काही म्हणावयाचे आहे. ते परिपत्रक भाषेविषयी होते, आणि म्हणून त्याच्यावर आपल्या वर्तुळात बोलणेही पुष्कळ झाले. परंतु त्यातील एक गोष्ट आपण वाचलीच नाही, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे खालची सही.

५ जून २०२१ रोजी हे परिपत्रक निघाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेने दिल्लीची रुग्णालये एप्रिल-मे महिन्यांत पार मोडून टाकली होती, त्यानंतरचे हे दिवस. कामाच्या ठिकाणी मल्याळम भाषा वापरली जाते, बहुतेक रुग्णांना व सहकाऱ्यांना ती येत नसल्याने त्यांची अडचण होते, अशी तक्रार आली आहे. तरी परिचारिकांनी केवळ हिंदी व इंग्रजीतच बोलावे, अन्यथा कारवाई होईल, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, देशभर गदारोळ झाल्यावर, ते मागे घेण्यात आले, आणि रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारल्यावाचून ते काढले गेले होते, असे सांगण्यात आले. त्यावर सही होती नर्सिंग सुपरिंटेंडेंटची. महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत या पदाला अधिसेविका म्हणतात.

हा आदेश चूक होता, यात मला संशय नाही. घटनेने मान्य केलेली भाषा दोन सहकाऱ्यांनी आपापसांत बोलणे हा अपराध होऊ शकत नाही. आणि ज्या केरळच्या मुलींच्या जिवावर दिल्लीपासून आखातापर्यंतची रुग्णालये चालतात, त्यांना त्यांच्या जिभेबद्दल धमकावणे हा तर कृतघ्नपणाच. भाषाभ्यासकांनी या आदेशाचा निषेध केला तो योग्यच केला. पण निषेध करताना आपण अशी कल्पना केली की, एक बलवान सत्ता एका दुर्बळ भाषेवर चालून आली. ज्या बाईने सही केली ती मात्र बलवान नव्हती. तिच्याकडे तक्रार येते. तक्रारीचे निवारण करण्यासाठी लागणारा मनुष्य, वेळ वा पैसा तिच्याकडे नसतो. उत्तर मात्र तिलाच द्यावे लागते. मग तिच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे परिपत्रक. ते अंगाशी आले की वरचे म्हणतात, आम्हांस ठाऊक नव्हते. येथे त्या व्यक्तीचा विचार करावयाचा नाही, तिच्या पदाचा करावयाचा आहे. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अपुरा, अशी ही जागा आहे, आणि साधनांची चणचण असलेल्या आपल्या प्रत्येक रुग्णालयात ती आहे.

पदनामांचाच विचार करू, कारण तो आपला विषय आहे. महाराष्ट्र शासनाच्या परिभाषेत स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डाची प्रमुख म्हणजे परिसेविका, तिच्यावर सहायक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका. वॉर्डात हे शब्द कोणी उच्चारीत नाही. तेथे सिस्टर, इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन एवढेच चालतात. शुद्ध शब्द फक्त नेमणुकीच्या आदेशात आणि निलंबनाच्या आदेशात येतात. पण या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. त्याच इमारतीतला डॉक्टर वर चढत गेला की अधीक्षक होतो, म्हणजे वरून पाहणारा. अधिष्ठाता होतो, म्हणजे वर अधिष्ठित असलेला. परिचारिका वर चढत गेली की अधिसेविका होते. पन्नास-शंभर माणसांच्या पाळ्या लावणारी, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारी, अधिकाऱ्यांना उत्तरे देणारी ही स्त्री शब्दापुरती तरी अखेरपर्यंत सेविकाच राहते. ‘अधि’ हा उपसर्ग तिला उंची देतो, धातू तिला खाली ओढतो. केंद्र सरकारने २०१६ साली आपल्या रुग्णालयांतील स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर म्हणावयास आरंभ केला, त्यामागे हीच बोच असावी.

बोलीतील नावे तर आणखी बोलकी आहेत. मराठी मुलखातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात सफाई करणारी, भांडे देणारी बाई ‘मावशी’ असते. ट्रॉली ओढणारा ‘मामा’. परिचारिका ‘सिस्टर’, पुरुष असेल तर ‘ब्रदर’. मेट्रन या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील आईच आहे. अवघी खालची उतरंड नात्याच्या शब्दांनी बांधलेली. एकटा डॉक्टर तेवढा कोणाचा कोणी लागत नाही. नात्यातल्या माणसाकडे आपण हक्काने मागतो, आणि त्याला पगार किती, त्याची पाळी कधी संपली, हे विचारीत नाही. मावशी कंत्राटदाराची नोकर आहे आणि तिला महिनोन्‌महिने पगार नाही, हे रुग्णाला ठाऊक नसते. परिसेविकेला ठाऊक असते. मावशीला कामावर ठेवणे वा काढणे परिसेविकेच्या हाती नाही, तिचा पगार काढणे तर नाहीच. तरी मोरी तुंबली तर विचारणा परिसेविकेकडेच होते. तिने मावशीला रागे भरावे तर मावशी उद्या येणार नाही. न भरावे तर फेरीच्या वेळी मोठे डॉक्टर सर्वांदेखत हिला बोलणार. यातून ती जो मार्ग काढते त्याला कोणत्याही नियमपुस्तकात नाव नाही. मावशीच्या मुलीच्या लग्नाची चौकशी, घरून आणलेला डबा, सणाला पदरच्या पैशाने दिलेले लुगडे, हे तिचे व्यवस्थापनशास्त्र.

सेवा हा शब्द आपल्याकडे या व्यवसायाला चिकटला त्याला इतिहास आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील बायका ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा पांढरपेशा समाजात त्यावर काहूर उठले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढणे, या गोष्टी विधवा ब्राह्मण स्त्रीने कराव्यात हे पटवून देण्यासाठी त्यांना ‘सेवा’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो शब्द त्या काळी ढाल होता. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी उभारलेले लेडी हार्डिंग महाविद्यालय दिल्लीत १९१६ साली उघडले, त्याच्याही भोवती हेच वातावरण होते. पुढे १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशभरात प्रशिक्षित परिचारिका सुमारे ७,००० निघाल्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. एवढ्या टंचाईत जी स्त्री उभी राहील तिच्याकडून आपण त्यागाचीच अपेक्षा करणार. टंचाईचे स्वरूप पुढे बदलले, अपेक्षा मात्र बदलली नाही.

आजच्या हिशेबातही एक गंमत आहे, आणि ती भाषेची आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांना एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांना एक असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीन रुग्णांच्या उशाशी बसलेली एक परिचारिका उभी राहते. वास्तविक हा आकडा तिन्ही पाळ्यांचा मिळून आहे. एका वेळी तिच्या वाट्याला नऊ खाटा येतात, दुसऱ्या प्रकारात पंधरा. शिवाय रजेसाठी शेकडा तीस जागा अधिक धराव्यात असेही त्यात आहे. म्हणजे तीस खाटांच्या वॉर्डाला दहा अधिक तीन अशा तेरा परिचारिका हव्यात. तेरा मंजूर असतात, भरलेल्या कमी असतात. त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक लसीकरणाच्या मोहिमेवर, एक दुसऱ्या वॉर्डात ‘तात्पुरती’. उरलेल्यांतून साप्ताहिक सुट्टी आणि रात्रपाळीनंतरची सुट्टी वजा करून परिसेविका महिन्याच्या अखेरीस आखीव कागदावर पेन्सिलीने नावे मांडू लागते. पेन्सिलीनेच, कारण ती पुन्हा पुन्हा खोडावी लागतात. आणि हे प्रमाण खाटांचे आहे, माणसांचे नव्हे. दोन खाटांमध्ये सतरंजी टाकून निजवलेला रुग्ण या गणितात कोठेच नसतो. परिसेविका त्याला मोजते, कारण त्यालाही सलाईन लावायचे असते; शासन त्याला मोजीत नाही, कारण त्याच्याखाली खाट नाही.

अशा वॉर्डात भाषेचा प्रश्न कसा येतो, हे मी एकदा जवळून पाहिले. विदर्भातील आमचे एक वृद्ध नातलग उपचारासाठी दिल्लीत आले आणि पहाडगंजात उतरले. त्यांना येथील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल केले. त्यांची हिंदी बाजारापुरती. रात्री त्यांनी परिचारिकेला सांगितले, ‘जुलाब, जुलाब.’ मराठीत जुलाब म्हणजे हगवण. हिंदीत त्याचा मुख्य अर्थ रेचक औषध. पोट साफ होत नाही म्हणून म्हातारा रेचक मागतो आहे, अशी तिची समजूत झाली. नशीब असे की, डॉक्टरला विचारल्याशिवाय ती काही देणार नव्हती, आणि डॉक्टर लौकर सापडला नाही. सकाळी मी पोहोचलो तेव्हा उलगडा झाला. ‘कळ येते’ हे त्यांचे वाक्य तर ‘कल’ असे ऐकले गेले होते, आणि काही तरी उद्या येणार आहे, असा अर्थ घेतला गेला होता. ठणका, चमक, कळ, आग, मळमळ, गळून जाणे, जीव घाबरा होणे, कसेनुसे होणे, या प्रत्येक शब्दाने मराठी माणूस शरीरातली निराळी घटना सांगतो. वॉर्डाच्या हिंदीत या सगळ्याचे ‘दर्द’ आणि ‘घबराहट’ असे दोन ढीग होतात.

आता त्या परिपत्रकाकडे पुन्हा पाहू. रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत त्याच्या उशाशी दोघी बोलू लागल्या की त्याला भय वाटते. आपल्याविषयी काही वाईट तर बोलत नाहीत ना, अशी शंका येते. हे भय खरे आहे, आणि आपल्या निषेधाच्या लेखांत त्याला जागा मिळाली नाही. दुसरीकडे, पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला तीस रुग्णांची हकिकत अर्ध्या तासात द्यावयाची असते. तिला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. दोघींची मातृभाषा एक असेल तर ती हकिकत भराभर आणि बारकाव्यांसह जाते. परक्या भाषेत द्यावी तर नेमका बारकावा गळतो. हेही खरे आहे. या दोन्हींना पुरे पडेल असे उत्तर देता येते: ओव्हर रुग्णापासून दूर, आपल्या भाषेत; रुग्णाशी बोलणे रुग्णाच्या भाषेत; आणि जेथे ती येत नसेल तेथे दुभाष्या. मात्र त्यासाठी ओव्हरला निराळी खोली हवी, दोन पाळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या हव्यात, आणि दुभाष्याची जागा मंजूर हवी. नर्सिंग सुपरिंटेंडेंट यांतले काहीही निर्माण करू शकत नाही. मनाई मात्र ती करू शकते, कारण मनाईला खर्च येत नाही.

सही कोणाला कोठे नेते हे महाराष्ट्राने २०२१ साली दोनदा पाहिले. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्याच दिवशी अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले हे खरे. पण कंत्राटी परिचारिकांची सेवा संपुष्टात आली, आणि गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. नगरमध्ये ज्या चौघींना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. पाळीवरच्या माणसाने कक्ष सोडून जाऊ नये, हे मान्यच. त्या रात्री कोण कोठे होते याचा न्याय न्यायालय करील. पण तारा कोणी ओढल्या, अग्निशमनाची व्यवस्था कोणी तपासली, निधी कोणाच्या टेबलावर थांबला, या प्रश्नांची उत्तरे अनेक कार्यालयांत विखुरलेली असतात. ड्यूटी लिस्टवर मात्र तारीख असते, वेळ असते आणि नाव असते. शोधणाऱ्याच्या हाती जे सर्वांत आधी लागते, तेथेच शोध थांबण्याचा धोका असतो.

म्हणूनच परिसेविका इतके लिहिते. तिच्या टेबलावरील वह्या आपण साहित्याच्या अभ्यासकांनी कधी उघडून पाहिल्या नाहीत: रिपोर्ट बुक, डेड स्टॉक रजिस्टर, इंडेंट बुक, लिननची वही, मादक औषधांची वही. बहुतेक मजकूर इंग्रजीत, पण मध्येच ‘पुरवठा नाही’ असे लाल शाईने, ठसठशीत मराठीत. औषध मागितले होते आणि आले नाही, ही नोंद उद्याच्या चौकशीसाठी आहे. तिचा वाचक आज वॉर्डात नाही, तो पुढे कधी तरी येणार आहे आणि तो आरोप करीत येणार आहे. मी अशा काही वह्या एका निवृत्त परिसेविकेच्या सौजन्याने चाळल्या. त्या अतिशय प्रामाणिक आहेत आणि तरी अपुऱ्या आहेत. शेजारच्या वॉर्डातून उसने आणलेले इंजेक्शन त्यांत नाही, कारण तसे आणणे नियमात बसत नाही. रात्री दोन वाजता स्वतःच्या पैशाने मागवलेल्या सुया त्यांत नाहीत. ज्या कौशल्यावर तो वॉर्ड खरोखर चालला, तेवढेच नेमके तिने लिहिले नाही.

आमच्या ललित वाङ्मयातली परिचारिकाही अशीच अर्धी आहे. ती रुग्णाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते: पांढरा पोशाख, थंड हात, रात्रीचा मंद दिवा. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेली, चादरी मोजणारी, रजा नाकारल्यामुळे दोन मुलींच्या शिव्या खाणारी स्त्री आमच्या कथेत क्वचितच येते. अरुणा शानबागचे उदाहरण घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. कामातील कुचराईबद्दल तिने त्याला हटकले होते, असे पिंकी विराणी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून पुढे आले. म्हणजे देखरेख करण्याची किंमत तिने मोजली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात पडून होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाची मागणी नाकारताना तेथील परिचारिकांचा गौरव केला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण उठू दिला नव्हता याचा उल्लेख तेव्हा सर्वत्र झाला. आपण त्याला प्रेम म्हटले, भगिनीभाव म्हटले. प्रेम होतेच. पण शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीही, दिवाळीतही, संपाच्या दिवसांतही. बेचाळीस वर्षे हे चुकले नाही याचा अर्थ बेचाळीस वर्षे कोणी तरी दर महिन्याला, भरलेल्या वॉर्डाची ओढाताण सांभाळून, ते काम कोणाच्या तरी नावावर लावीत होते. त्या पाळ्या लावणाऱ्यांवर नाटक झालेले मला ठाऊक नाही.

भारतीय भाषांच्या विभागांनी रुग्णालये सुधारावीत असे मी म्हणत नाही. आमचे विभागच जेमतेम चालतात. पण वेदनेच्या शब्दांचा एक छोटा कोश, मराठी, हिंदी, मल्याळम, बंगाली, मैथिली अशा पाच-सहा भाषांतला, खिशात मावेल एवढा, हे काम आमच्या आवाक्यातले आहे, आणि ते परिचारिकांना बरोबर घेतल्यावाचून होणार नाही. त्यांच्याकडे सामग्री आमच्यापेक्षा अधिक आहे. त्या ‘जुलाबा’च्या सकाळी तिथल्या इनचार्ज सिस्टरने मला टेबलाशी बोलावले. कोट्टयमकडच्या त्या, दिल्लीत नोकरीची वीस वर्षे झालेली. त्यांनी रिपोर्ट बुकाचे शेवटचे पान उघडले. तेथे त्यांच्या हाताने, मल्याळम लिपीत, भोजपुरी, हरयाणवी, बंगाली असे रुग्णांच्या तोंडचे कितीतरी शब्द उतरवलेले होते, प्रत्येकापुढे त्याचा अर्थ. ‘भैया, आपका वो शब्द फिर से बोलिए,’ त्या म्हणाल्या. मी जुलाब म्हटले, कळ म्हटले, मग ठणका आणि चमक यांतला फरक पोटरीवर हात ठेवून दाखवू लागलो. त्यांनी चारही शब्द लिहून घेतले. ‘कसेनुसे’पर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारच्या पाळीच्या मुली आल्या होत्या, आणि त्यांतली एक आज येणार नाही असा निरोपही आला होता, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि पेन्सिल उचलली.